जुने सहाध्यायी

महाविद्यालय सोडून वीस-पंचवीस वर्षे लोटली म्हणजे माणसाच्या मनात एक प्रश्न अधूनमधून डोकावू लागतो. आपल्या वर्गातील ती मंडळी आज कोठे असतील? शाळेतील सोबत्यांविषयी हा प्रश्न सहसा पडत नाही. ते आपल्याच गल्लीतले असतात. कोणाचे लग्न ठरले, कोणाला मुलगा झाला, हे आईच्या तोंडून किंवा भाजी घेताना बाजारात कळत राहते. महाविद्यालयाचे तसे नाही. आमच्या बेळगावच्या महाविद्यालयात खानापूरची, निपाणीची, चंदगडची मुले-मुली रोज सकाळी बसने येत. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, तर आमच्यासारख्या काही ख्रिस्ती घरांतून कोकणीही कानी पडे. तीन वर्षे एका बाकावर बसायचे, एकमेकांच्या वहीतून टिपणे उतरवून घ्यायची, आणि शेवटची उत्तरपत्रिका दिली की ज्याची त्याची वाट वेगळी. या विखुरलेल्या सोबत्यांविषयी आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

सहाध्यायांच्या आयुष्याचा मागोवा घेण्याचे काम एका ठिकाणी फार चिकाटीने चालले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक पाहणी सुरू झाली. तिच्यासाठी तेथील २६८ तरुण विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी हेही त्यांपैकी एक होते. या विद्यार्थ्यांना ठरावीक काळाने प्रश्नावली पाठवायची, त्यांच्या प्रकृतीची कागदपत्रे मागवायची, त्यांना प्रत्यक्ष भेटून बोलायचे, असा क्रम ते म्हातारे होईपर्यंत चालू राहिला. बॉस्टन शहराच्या गरीब वस्तीतील ४५६ मुलांची अशीच पाहणी झाली होती. तीही पुढे हिला जोडण्यात आली. पाहणी करणारे निवृत्त झाले, नवे आले, पण काम थांबले नाही.

एवढ्या वर्षांच्या कागदपत्रांतून काय निघाले? या पाहणीचे चौथे संचालक डॉ. रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी २०१५ साली एका व्याख्यानात ते सांगितले. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, तीच माणसे ऐंशीव्या वर्षी सर्वांत धडधाकट आढळली. पैसा आणि कीर्ती यांपेक्षा माणसांचा लोभ आयुष्याला अधिक पुरला. त्या मूळ पाहणीत स्त्रिया नव्हत्या, ही तिची मोठीच उणीव. तरीही चाळिशीतल्या माणसाने हे ऐकून घ्यावे असे मला वाटते, कारण पन्नाशी त्याच्या समोरच उभी असते.

आता आपल्याकडचे एक उदाहरण पाहू. टिळक आणि आगरकर हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सहाध्यायी. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणाला वाहून घ्यावे, हा विचार त्या दोघांनी विद्यार्थिदशेतच केला. त्यातून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मैत्रीची याहून मोठी कसोटी ती कोणती? आणि तरीही सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ते एकमेकांपासून दूर गेले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर कठोर लेखन झाले. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, तेव्हा त्यांना एकोणचाळीसही पुरी झाली नव्हती. त्यांच्यावरील 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याविषयी लिहिण्याची पाळी आली. मतभेद थोरांनाही चुकत नाहीत. पण समेटासाठी पुष्कळ वर्षे हाताशी आहेत, हा समज मात्र कोणीच बाळगू नये.

आमच्या वर्गाने पदवी घेतली २००१ साली. पटावर त्रेचाळीस नावे होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी ती सारी माणसे शोधून काढायचे ठरवले. हाताशी होते निरोपसमारंभाचे एक छायाचित्र आणि एका मैत्रिणीची स्वाक्षऱ्यांची वही. वहीत प्रत्येकाने घरच्या दूरध्वनीचा क्रमांक लिहिला होता. त्यातला एकही लागला नाही. काळ किती बदलला याची तेव्हाच कल्पना आली. आमच्या पदवीपत्रावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे नाव आहे. २०१० पासून बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. २०१४ पासून सरकारदरबारी गावाचे नावही बेळगावी झाले. नोकरीच्या अर्जाबरोबर पदवीपत्र जोडताना आमच्यातील अनेकांना हा सारा इतिहास समजावून सांगावा लागला आहे.

मुलगे पंधरा दिवसांत सापडले. मुलींना शोधायला आठ महिने लागले. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते. आपल्याकडे पुष्कळ घरांत तिचे पहिले नावही बदलतात. मग ती शोधणाऱ्यांच्या हाती लागावी कशी? एकीचा पत्ता तिच्या माहेरच्या किराणा दुकानदाराने दिला, दुसरीचा जुन्या बसवाहकाने. एकीच्या भावाला तर आम्ही कोण, कशासाठी चौकशी करतो, हे तीनदा समजावून सांगावे लागले. शेवटी ती स्वतः बोलली तेव्हा म्हणाली, "या नावाने मला कोणी हाक मारून वीस वर्षे झाली गं!"

काय झाले होते या त्रेचाळीस जणांचे? कोणी उद्यमबागेत यंत्राचे सुटे भाग घडवतो. एक जण सैन्यात सुभेदार होऊन निवृत्त झाला. चौघे चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले आणि तेथेच रमले. कोणी पुण्याला, कोणी आखाती देशांत. शिक्षकी पेशात आम्ही सात जण आहोत. वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी सासरची उसाची शेती पाहते, सासूचे दुखणे काढते, आणि विचारले तर म्हणते, "मी काहीच करत नाही." दोघे आता या जगात नाहीत.

आणि एक जण उत्तरच देत नव्हता. भ्रमणध्वनीवर आमच्या वर्गाचा जो गट झाला, त्यात त्याचे नाव होते. आलेला प्रत्येक निरोप तो वाचत असे, पण स्वतः एक अक्षर लिहीत नसे. कोणी नव्या घराचे छायाचित्र धाडी, कोणी मुलाचे गुण कळवी, कोणी परदेशच्या सहलीचे वर्णन करी, आणि मग त्याला विचारणा होई, "काय रे, तू काय करतोस हल्ली?" तो गप्पच. काही जण त्याला गर्विष्ठ म्हणू लागले. मग एके दिवशी आमच्यातील एकीने त्याला एवढेच लिहिले : "तुझ्या आईची प्रकृती कशी आहे? तिने डब्यात दिलेली नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी आम्ही पुष्कळ खाल्ली आहे." तासाभरात त्याचा दूरध्वनी आला. आई अंथरुणाला खिळलेली होती. २०२० साली त्याच्या कामाच्या ठिकाणाला टाळे लागले, तेव्हापासून तो आठवडेबाजारात कापडाची पथारी मांडतो. हे सांगताना त्याला संकोच वाटत होता; आईविषयी सांगताना मुळीच वाटला नाही.

श्रोतेहो, "काय करतोस?" हा प्रश्न दिसतो साधा, पण पुष्कळदा तो मोजपट्टी घेऊन येतो. ज्याचे बरे चालले आहे त्याला तो आवडतो. ज्याचे बरे चाललेले नाही तो दाराआड उभा राहतो. आणि सहाध्यायांच्या बाबतीत ही मोजपट्टी अधिकच बोचते, कारण सर्वांनी एकाच रेघेवरून चालायला सुरुवात केलेली असते. शेजारी पुढे गेला तर माणूस म्हणतो, त्याचे नशीब. बाकावरचा सोबती पुढे गेला की तो आपल्यालाच दोष देऊ लागतो.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी असा मेळावा भरवणार असतील त्यांना आमच्या अनुभवावरून दोन-चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शोध घ्यायचा तर साऱ्या पटाचा घ्यावा. नाव कमावलेल्या चौघांना बोलावून त्यांचा सत्कार करणे म्हणजे मेळावा नव्हे. वर्गणी अशी असावी, की ती परवडत नाही म्हणून कोणी घरी राहणार नाही. आम्ही महागडे उपाहारगृह सोडून महाविद्यालयाचाच वर्ग रविवारी मागून घेतला आणि जेवण घरोघरचे आणले. वेळ दिवसाची ठेवावी. खेड्यातून बसने येणाऱ्यांना आणि घरचे सारे आवरून येणाऱ्या स्त्रियांना संध्याकाळी परतता आले पाहिजे. ओळख करून देताना हुद्दा सांगण्याची सक्ती नसावी.

शेवटची गोष्ट हजेरीची. आम्ही त्रेचाळीसही नावे जुन्या क्रमाने वाचली, मुलींची तर माहेरच्याच नावाने. आम्हा कॅथलिकांत २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करण्याची रीत आहे. तिची आठवण होऊन त्या दोघांची नावेही वगळू नयेत असे मी सुचवले, आणि ते सर्वांनाच पटले. ती नावे आली तेव्हा सारे उभे राहिले. आठवडेबाजारातला आमचा सोबती मागच्या बाकावर बसला होता. त्याचे नाव आले तेव्हा त्याने "हजर" म्हटले, आणि पुढची दोन-तीन नावे कोणालाच नीट ऐकू आली नाहीत, एवढा टाळ्यांचा गजर झाला.

सर्वांनाच मेळावा भरवता येईल असे नाही. त्याची गरजही नाही. आपल्या जुन्या वर्गातील एखादे नाव आज आठवून पाहावे. ज्याच्याविषयी बरीच वर्षे काही कानी आलेले नाही, असे एकच नाव. त्याचा ठावठिकाणा लावावा, आणि बोलणे झाले तर प्रथम त्याच्या घरच्या माणसांची विचारपूस करावी. इतके सुचवून मी आपली रजा घेते.