ड्रॅक्युलाची प्रेमधून

जळगाव-धुळ्याकडे मुंजा पिंपळावर बसतो, त्याच्या गोष्टीला साथ रातकिड्यांची. पडद्यावरच्या ड्रॅक्युलाला मात्र १९३१ साली पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतंच. सुरुवातीला चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चा तुकडा, मग बहुतेक शांतता. १९५८ च्या चित्रपटात संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी तीन सुरांत ‘ड्रॅ-क्यु-ला’ अशी आरोळीच ठोकली.

१९७९ मध्ये जॉन विल्यम्स यांनी निराळी वाट धरली. जॉन बॅडम यांच्या चित्रपटातला फ्रँक लँजेलाचा काउंट देखणा, भुरळ घालणारा. साथीला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. मुख्य धून एकच, पण पितळी वाद्यांत ती धमकावते, व्हायोलिनांवर चढली की आर्जवं करते. भीतीपेक्षा ओढच जास्त, असं आपलं माझं मत. दिवा मालवून ऐका. पिंपळाखाली नको, एवढंच!