घर पाडण्याआधी उतरवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुरुडचा. आज बोलणार आहे ते आमच्याकडच्या जुन्या घरांविषयी. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीत इथे येतात, जंजिरा पाहतात, किनाऱ्यावर फिरतात. त्यांना राहायला खोल्या लागतात. म्हणून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली कौलारू घरे जाऊन तिथे लॉज आणि दुमजली बंगले उभे राहत आहेत. त्यात गैर काही नाही, गावाला चार पैसे मिळतात. पण जुन्या घराच्या सामानाचे पुढे काय होते, याचा विचार कोणी करीत नाही.

पूर्वी कोकणात घर मोडायचे म्हणजे ते वरून खाली उतरवायचे. आधी कौले, मग रिपा, वासे, तुळया. लाकडात लाकूड अडकवून सांधे केलेले असत, त्यामुळे तुळई न कापता सुटे. शेवटी जांभ्याचे चिरे मोकळे होत. चिऱ्यांमधली माती किंवा साधा चुना कुदळीच्या टोकाने निघून येई. त्याच सामानात भावाचे घर, गोठा, कुंपणाची भिंत उभी राही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. त्यामुळे जुना चिरा धड असेल, तर नव्यापेक्षा कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. आज शहरांच्या नियोजनात जिला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, ती याहून वेगळी नाही.

मग ही रीत गेली का? तेव्हा सामान महाग होते आणि मजुरी स्वस्त. आता हिशेब उलटा झाला आहे. घर उतरवायला चार माणसे आठ-दहा दिवस लागतात, जेसीबी तेच काम एका दिवसात उरकतो. दुसरे कारण सिमेंटचे. कडक सिमेंटमध्ये बसवलेला चिरा सोडवायला गेले, तर सांधा सुटण्याआधी चिराच फुटतो. खाऱ्या हवेत चुना टिकत नाही, असे काही जण म्हणतात. त्यांनी पद्मदुर्गाचा तट पाहावा. तिथे लाटांनी दगड झिजला, पण चुन्याच्या रेषा उभ्या आहेत. घराच्या भिंतीला तर एवढा कडक चुनाही लागत नाही.

उलट खाऱ्या हवेचा खरा त्रास स्लॅबच्या लोखंडाला होतो. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे आज बांधलेली इमारत आपल्याच हयातीत पाडण्याची वेळ येऊ शकते. तो राडारोडा टाकायचा कुठे? खाडीकाठच्या खारफुटीत आणि भातखाचरात भराव म्हणून तो गेला, तर पावसाळ्यात पाणी मुरायला आणि वाहायला जागा उरत नाही. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने किनारपट्टीवर असा राडारोडा टाकायला मनाई केली.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये बांधकामाच्या कचऱ्यासाठी नियम केले. काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगवेगळे ठेवावेत आणि स्थानिक संस्थेने ते गोळा करण्याची सोय करावी, असे त्यांत सांगितले होते. २०२५ मध्ये नवे नियम आले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांतली पुनर्वापराची मुख्य जबाबदारी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. दिल्लीत बुराडीला २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली फेरबदल होऊन अशी खडी साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरायला मान्यता मिळाली. पण मुरुडमध्ये पडतात ती दोन-तीन खणांची घरे. त्यांच्यापर्यंत हे मोठे नियम पोहोचत नाहीत. इथे निर्णय घरमालकाचा आणि मिस्त्रीचाच असतो.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या. पाऊस तोंडावर होता आणि कौलांची सगळीकडे ओरड होती. तेव्हा ज्यांच्या परसात जुनी कौले रचून ठेवलेली होती, त्यांचे छप्पर आधी शाकारले गेले. शेजाऱ्यांनीही त्यांतलीच मागून नेली.

म्हणून माझे सांगणे थोडेच आहे. घर पाडायचा ठेका देताना कौले, लाकूड, दारे-खिडक्या आणि चिरे आधी सुटे करण्याची अट घाला आणि त्यासाठी आठवडाभराची मुदत द्या. नवी भिंत बांधताना मसाल्यात सिमेंटबरोबर चुना घालता येईल का, हे अभियंत्याला विचारा. फुटलेले तुकडे जोत्याच्या भरावात आपल्याच आवारात जिरवा. आणि नगरपरिषदेने गावात एखादी मोकळी जागा राखून दिली, तर एकाच्या घरातले सामान दुसऱ्याला तिथून नेता येईल. पुढच्या वादळानंतर कौलांसाठी धावाधाव करण्यापेक्षा हे सोपे आहे.