पायरी मोजा, मग फळी घ्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले. मी ९ इंचांवर बोलणार आहे.

आमच्या गावातल्या एका भावाच्या घराची पायरी ९ इंचांची आहे. कापसाच्या गाडीवरून पडून त्याच्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. डोके शाबूत, शेतीचा हिशेब तोंडपाठ. पण मागच्या मेळाव्याला तो आला नाही. का? तर खुर्ची उचलून खाली ठेवायला माणसे लागतात आणि वेचणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत. एरवी त्याची घरधनीण एकटीच खुर्ची ओढायची. त्यात तिची कंबर गेली. घरच्या माणसांची मजुरी उत्पादन खर्चात धरा, असे आपण सांगत आलो. घरातल्या या हमालीचा हिशेब कोण धरतो?

शेवटी त्यांनी शहरातून उताराची घडीची फळी आणली. तिला रॅम्प म्हणतात. दुकानदाराने पायरीची उंची विचारली नाही, यांनी सांगितली नाही. ३ फुटांची स्वस्त पडली, तीच घेतली. पहिल्याच दिवशी खुर्ची मागे कलंडली. जीव वाचला, पण फळी गोठ्यात गेली आणि माणूस घरात बसला.

चूक हिशेबात होती. माणूस आणि खुर्ची मिळून ८४ किलो धरा. ९ इंच चढायला ३ फुटांची फळी, म्हणजे ४ ला १ असा चढ. ढकलणाऱ्याला जवळजवळ २१ किलोचा जोर लागतो. फळी ९ फुटांची असती तर चढ १२ ला १ झाला असता आणि जोर ७ किलोंवर आला असता. भरलेली गाडी आपण उभ्या बांधावर घालतो का? लांबून, सावकाश चढाने नेतो. इथेही तेच.

म्हणून पहिला नियम : पायरी जितके इंच, फळी तितके फूट. ढकलायला धडधाकट माणूस कायम असेल तर ८ ला १ चालेल, म्हणजे ९ इंचांना ६ फूट. त्याहून उभी नको. जोते २ फूट उंच असेल तर २४ फूट लागतील; तिथे उचलती फळी कामाची नाही. अंगणात जागा असेल तर मुरूम भरून, धुमस करून कायमचा उतार बांधा. उचलती फळी भाड्याच्या घराला, अरुंद बोळातल्या घराला आणि एक-दोन पायऱ्यांना बरी. ती दवाखान्यात, मतदानालाही बरोबर नेता येते.

दुसरा : रुंदी. खुर्चीची बाहेरून रुंदी मोजा आणि फळी त्याहून अर्धा फूट तरी जास्त घ्या. दोन्ही कडांना दोन बोटे उंच काठ हवा, नाहीतर चाक घसरून खाली जाते. दोन सुट्या पट्ट्यांची जोडी स्वस्त असते, पण ढकलणाऱ्याला मधल्या पायरीवर ठेच लागते. सलग फळी बरी.

तिसरा : भार. माणूस, खुर्ची आणि ढकलणारा, तिघांचे वजन एकदम येते. २५० किलो पेलण्याची खात्री करून घ्या. ॲल्युमिनियम हलके, घरची बाई एकटी मांडू शकते. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडाची करून घेतली तर दणकट होते, पण ६ फुटांची सहज ४० किलो भरते. उचलणार कोण, ते आधी ठरवा.

चौथा : बूड आणि माथा. आपली काळी माती पावसात लोणी होते. फळीचे खालचे टोक त्यात रुतते. तिथे फरशी बसवा. वरचे टोक पायरीवर नीट टेकून खिळीने अडकवा. दारापुढे खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा हवी. उंबरठा असेल तर त्यालाही लहान उतार द्या. चढताना ढकलणारा मागे. उतरताना खुर्ची पाठमोरी घ्यावी, म्हणजे ढकलणारा कायम खालच्या अंगाला राहतो.

आता पैशाचे. भीक नको, घामाचे दाम हवे, असे आपण म्हणत आलो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. ते उत्पन्न म्हणजे आपलीच घरपट्टी. ती मागणे भीक नाही. ग्रामसभेत उभे राहून विचारा : ५ टक्के किती झाले आणि कशावर खर्च केले?

त्या भावाच्या अंगणात आम्ही ३ इंच मुरूम भरला आणि त्याच्या बाहेरच्या कडेला लांब उतार दिला. पायरी ६ इंच उरली, तिला ६ फुटांची फळी बसली. दोन पोरे, एक दिवस. आज तो पुढच्या रांगेत बसला आहे आणि मघाशी कापसाच्या खर्चाचा हिशेब चुकला तेव्हा त्यानेच वक्त्याला थांबवले. अशी किती डोकी आपण एका पायरीपायी घरात कोंडून ठेवली आहेत? घरी गेलात की टेप घ्या आणि आपल्या आळीतल्या पायऱ्या मोजा.