स्फोटानंतरचा दुसरा दिवस



दीक्षान्त समारंभाला आलेल्या पाहुण्याने आशीर्वाद द्यावेत आणि स्वप्नांविषयी चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. आशीर्वाद तर मी देणारच आहे. पण बोलणार आहे दहशतवादाच्या इतिहासाविषयी. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे तुमच्या आईवडिलांच्या मनात येईल आणि ते साहजिक आहे. माझे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. या विषयाचे इतके धागे सुरतेत येऊन मिळतात की इथे पदवी घेणाऱ्या मुलांना ते ठाऊक असायलाच हवेत, असे मला मनापासून वाटते. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या घरांमधून आलेली, आजोळ धुळे-नंदुरबार-जळगावकडे असलेली कितीतरी मुले इथे बसली आहेत. त्यांच्याशी मराठीत बोलायला मिळते आहे, याचा मला आनंद आहे.

डिसेंबर १९०७. काँग्रेसचे अधिवेशन तापीकाठच्या या गावात भरले होते. अध्यक्षपदी रासबिहारी घोष. एका बाजूला फिरोजशहा मेहता आणि गोखले, दुसऱ्या बाजूला टिळक आणि अरविंद घोष. टिळक बोलायला उठले, गोंधळ माजला, एक पुणेरी जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन मोडले. जहाल आणि मवाळ वेगळे झाले. शाळेच्या पुस्तकात हे एवढेच असते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये काय चालले होते, ते पुस्तकात सहसा नसते.

पारनेरचा एक तरुण, पांडुरंग महादेव बापट, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेला होता. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले म्हणून शिष्यवृत्ती गेली. तो पॅरिसला पोहोचला. तिथे बंगालचे हेमचंद्र कानुनगो होते आणि झारशाहीतून पळून आलेले रशियन क्रांतिकारक होते. रशियात १८८१ साली ‘नारोदनाया वोल्या’ या गुप्त संघटनेने झार दुसरा अलेक्झांडर याला बॉम्बने मारले होते. आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट शोधून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. खाणी फोडण्यासाठी बनलेली वस्तू मूठभर माणसांच्या हाती आली आणि सैन्य नसलेल्यालाही साम्राज्य हादरवता येते, हा विचार युरोपभर पसरला. त्यानंतरच्या वीस वर्षांत फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, इटलीचा राजा आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मारेकऱ्यांच्या हातून गेले. डेव्हिड रॅपोपोर्ट या अमेरिकी अभ्यासकाने आधुनिक दहशतवादाच्या चार लाटा सांगितल्या आहेत: अराजकवाद्यांची, वसाहतविरोधी, डाव्या तरुणांची आणि धर्माच्या नावाने उठलेली. मला ही मांडणी थोडी जास्त रेखीव वाटते, पण पहिल्या लाटेचे पाणी दुसरीत कसे शिरले, ते पाहायचे तर पॅरिसमधली ती खोली पाहावी. रशियनांकडून बापट आणि हेमचंद्र बॉम्बची कृती शिकले, आणि तिची पुस्तिका १९०८ च्या सुरुवातीला हिंदुस्थानात आली.

३० एप्रिल १९०८ च्या रात्री मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. बग्गीत तो नव्हता. त्या गावच्या एका वकिलाची पत्नी आणि मुलगी होती. दोघीही गेल्या. चाकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि अठरा वर्षांच्या खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली.

खुदीरामला आपण हुतात्मा म्हणतो. मीही म्हणतो. परक्या सत्तेच्या एका अधिकाऱ्यावर जिवावर उदार होऊन चालून जाणे आणि इस्पितळाच्या दारात बॉम्ब ठेवणे, ही दोन कृत्ये मी एका पारड्यात घालणार नाही. पण त्या बग्गीतल्या मायलेकींना इतिहासातून पुसून टाकायलाही मी तयार नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात ठेवणे जड जाते. तुम्ही आता पदवीधर आहात, ते तुम्हाला जमले पाहिजे.

पुढे सरकारने काय केले पाहा. ८ जून १९०८ ला स्फोटक पदार्थांचा कायदा झाला आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणाराही कायदा झाला. दुसऱ्या दिवशी टिळकांच्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या मथळ्याचा अग्रलेख आला. बॉम्ब हे देशाचे दुर्दैव आहे हे मान्य करून, दडपशाहीने तो थांबणार नाही असे केसरी सांगत होता. २४ जूनला टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९०९ मध्ये, नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. सरकारने आवाज बंद केला होता. पिस्तूल बंद झाले नव्हते.

दहशतवादाचा इतिहास मी जितका वाचला तितके माझे एक मत पक्के होत गेले. बॉम्ब कोणी टाकला, यावर ग्रंथच्या ग्रंथ निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजाने, पोलिसांनी, न्यायालयाने आणि वर्तमानपत्रांनी काय केले, यावर फार थोडे लिहिले जाते. पुढची वीस-तीस वर्षे मात्र त्यावरच ठरतात. बॉम्ब टाकणाऱ्याकडे माणसे थोडी असतात, म्हणून आपण भिऊन, चिडून, घाईने कोणावर तरी तुटून पडावे, हा त्याच्या हिशेबाचाच भाग असतो.

आता तुमच्या सुरतेकडे येतो. डिसेंबर १९९२ मध्ये या शहराने भयंकर दंगली पाहिल्या. त्यानंतर जानेवारी १९९३ मध्ये वराछा रस्त्यावर, हिऱ्यांच्या बाजारात स्फोट झाला आणि आठ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. एप्रिलमध्ये सुरत स्टेशनच्या फलाटावर दुसरा स्फोट झाला, त्यात कितीतरी प्रवासी जखमी झाले. मधल्या मार्चमध्ये मुंबईत बारा स्फोटांत २५७ माणसे मेली होती, त्यामुळे सुरतेची बातमी देशात मागे पडली. खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. त्यांत एक माजी मंत्रीही होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना सोडले. टाडा लावण्याआधी जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाची जी मंजुरी कायद्याने बंधनकारक केली होती, तीच घेतलेली नव्हती.

ही तांत्रिक बाब आहे असे म्हणून पुढे जाऊ नका. एवढ्या कठोर कायद्याला लगाम असावा म्हणून ती अट घातलेली होती. ती पाळली गेली नाही, आणि एकवीस वर्षांनंतर त्या मुलीच्या आईवडिलांच्या हातात काहीच उरले नाही. ती आज असती तर तुमच्यापैकी काहींच्या आईच्या वयाची असती. तिला न्याय नाकारण्यात बॉम्ब ठेवणाऱ्याचा वाटा आहेच, पण कागद नीट न करणाऱ्यांचाही आहे. हे मला फार लागते.

आणखी एक प्रकरण. डिसेंबर २००१ मध्ये, अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, सगरामपुऱ्यातल्या एका सभागृहातून १२७ मुसलमान पुरुषांना पकडले गेले. सिमी या बंदी घातलेल्या संघटनेचे काम करण्यासाठी ते जमले, असा आरोप होता. आम्ही अल्पसंख्याकांच्या शिक्षणावरील परिषदेला आलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांत निरनिराळ्या राज्यांतले लोक होते, शिकलेसवरलेले होते. मार्च २०२१ मध्ये सुरतेच्याच न्यायालयाने १२२ जणांना निर्दोष सोडले, कारण ते सिमीचे होते असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा सरकारकडे नव्हता. बाकीचे खटला चालू असतानाच वारले होते. एकोणीस वर्षांत नोकऱ्या गेल्या, मुलामुलींची लग्ने अडली, गावाच्या नजरा बदलल्या. ते भरून देण्याची कोणतीही तरतूद त्या निकालात नव्हती.

आणि २००८. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा अगदी लहान होते, पण घरात ही गोष्ट ऐकलेली असेल. २६ जुलैच्या संध्याकाळी अहमदाबादेत सव्वा तासात एकवीस स्फोट झाले. ५६ माणसे गेली. सर्वांत क्रूर गोष्ट ही की जखमींना जिथे आणले जात होते त्या इस्पितळांतही बॉम्ब फुटले. मग सुरतेत शोध सुरू झाला. नवी मुंबईहून चोरलेल्या गाड्या स्फोटकांसह सापडल्या. वराछा, कापोद्रा, कतारगाम या भागांत झाडांवर, जाहिरातींच्या फलकांवर, पुलाखाली बॉम्ब मिळत गेले, एकंदर एकोणतीस. एकही फुटला नाही, कारण सर्किटमध्ये दोष होता. त्या दिवसांत हिऱ्यांचे कारखाने बंद पडले, लोक गावी निघाले. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातले पोलिस शिड्या लावून झाडांवर चढत होते.

या खटल्याचे काम मी मुद्दाम सांगतो. अहमदाबाद आणि सुरतेचे ३५ गुन्हे एकत्र चालवले गेले. निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला, सात हजारांहून अधिक पानांचा. ४९ जण दोषी ठरले, ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना जन्मठेप सुनावली गेली. त्याच निकालाने २८ जणांना सोडूनही दिले. फाशीविषयी तुमचे मत काहीही असो, वरच्या न्यायालयांत जे होईल ते होवो. इतक्या रागाच्या प्रकरणात न्यायाधीशाने एकेका आरोपीचा पुरावा वेगळा तपासला, हे मी नोंदवून ठेवतो. ज्या कायद्यांखाली शिक्षा झाल्या त्यांत स्फोटक पदार्थांचा कायदाही होता. साल १९०८. तोच, ज्याच्या दुसऱ्या दिवशी केसरीचा अग्रलेख आला होता.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. १९६९ मध्ये मिलान शहरातल्या बँकेत बॉम्ब फुटला, सतरा माणसे मेली. पोलिसांनी लगेच अराजकवाद्यांना धरले. त्यांतला एक रेल्वे कामगार चौकशी चालू असताना पोलिस ठाण्याच्या खिडकीतून पडून मेला. त्या कामगाराचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. स्फोट नवफॅसिस्टांचा होता, हे सिद्ध व्हायला दशके गेली. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दारूच्या गुत्त्यांत बॉम्ब फुटून एकवीस जण मेले. सहा आयरिश माणसे पकडली गेली, त्यांतल्या चौघांकडून मारहाण करून कबुलीजबाब घेतले गेले. ते सहाही जण १९९१ मध्ये निर्दोष सुटले, आणि त्या एकवीस जणांच्या खऱ्या मारेकऱ्यांना आजपर्यंत शिक्षा झालेली नाही. चुकीचा माणूस तुरुंगात असतो तेव्हा बरोबर माणूस बाहेर हिंडत असतो. मालेगावच्या २००६ च्या कबरस्तानाजवळच्या स्फोटांनंतर नऊ मुसलमान तरुण पकडले गेले आणि २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. ज्यांची माणसे मेली त्याच समाजातून आरोपी उचलले गेले होते.

नॉर्वेचेही सांगायला हवे. २२ जुलै २०११ ला एका माणसाने ७७ जणांना मारले, त्यांत बहुतेक कोवळी मुले होती. तिथल्या सरकारने नवे विशेष न्यायालय काढले नाही. नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या कायद्याने, सगळ्यांसमोर दहा आठवडे खटला चालला. मेलेल्या प्रत्येकाविषयी न्यायालयात बोलले गेले. छोटा, श्रीमंत देश आहे, त्यांना जमते, असे कोणी म्हणेल. असेल. पण दुसरा दिवस असाही जगता येतो, हे तरी त्यांनी दाखवून दिले.

मी पुन्हा पारनेरच्या त्या तरुणाकडे येतो, कारण तो मला सोडत नाही. बॉम्बची पुस्तिका घेऊन आलेला बापट पुढे आपल्या गावात हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी त्याने सत्याग्रह चालवला आणि लोकांनी त्याला सेनापती म्हटले. त्याने शस्त्राचा विचार कायमचा टाकला असे सरळ विधान मी करणार नाही, माणूस तेवढा सोपा नव्हता. पण पॅरिसला शिकलेल्या विद्येपेक्षा मुळशीतल्या तुरुंगवाऱ्यांनी त्याला महाराष्ट्राच्या जवळ आणले, एवढे नक्की.

तुमच्यातले काही वकील होतील, काही पोलिस खात्यात जातील, काही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. कोणी पत्रकार होईल. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला एखाद्या दिवशी जळालेल्या सर्किटचा अहवाल लिहावा लागेल. तो अहवाल घाईने लिहू नका. न पाहिलेल्या गोष्टीच्या पंचनाम्यावर सही करू नका. पकडलेल्याला गुन्हेगार ठरवणारा मथळा निकालाआधी छापू नका आणि निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर ढकलू नका. बाकीच्यांनो, तुम्ही कापडाच्या बाजारात असाल, बँकेत असाल, हिऱ्यांच्या ऑफिसात असाल. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाचे आडनाव पाहून व्हॉट्सॲपवर आलेला निरोप पुढे ढकलायचा की नाही, हा निर्णय त्या दुसऱ्या दिवशी तुमच्या बोटात असेल.

माझी एक विनंती आहे. सुरत स्फोटांविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ चे निकालपत्र या उन्हाळ्यात वाचा. भाषा रुक्ष आहे, दोन-तीन बैठका लागतील. अभ्यासक्रमात ते नव्हते आणि त्यावर गुणही मिळणार नाहीत. वाचून झाल्यावर घरात, मित्रांत, कँटीनमध्ये त्यावर भांडा.

तुम्हा सगळ्यांचे आणि तुमच्या आईवडिलांचे मनःपूर्वक अभिनंदन.