संगणकवाल्याचें घर

पुण्याहून लोणावळ्याकडे येणाऱ्या लोकलमध्यें सायंकाळीं एका विशिष्ट जातीचा गृहस्थ हटकून दिसतो. पाठीला काळी पिशवी, कानांत गाणें आणि डोळे मिटलेले. दिवसभर हिंजवडीच्या कचेरींत बसून त्यानें यंत्रासाठीं आज्ञा लिहिलेल्या असतात. आकुर्डीस तो गाडींत चढतो, लोणावळ्यास उतरतो आणि दुचाकीवरून औंढ्याचा रस्ता धरतो. अशा माणसास प्रोग्रामर म्हणतात. त्याच्याविषयीं दोन समज प्रचलित आहेत. एक, त्याला अमाप पगार असतो. दुसरा, त्याला घरच्या माणसांशीं बोलावयास सवड नसते. पहिला समज पुष्कळदां खोटा ठरतो. दुसऱ्याची परीक्षा करावयाची तर औंढ्यांतील अशाच एखाद्या घरांत डोकावून पाहावें लागेल. येथें वर्णिलेलें घर कल्पनेंतलें आहे, माणसेंही कल्पनेंतलीं. त्यांच्या यंत्राची हकीकत मात्र खरी.

घरांत चार माणसें. हा गृहस्थ, लोणावळ्याच्या शाळेंत शिकविणारी त्याची पत्नी, सहावींतली मुलगी आणि गृहस्थाची आई. आईला आतां सारें घर आजीच म्हणतें. जेवणें आटोपलीं कीं गृहस्थ पुन्हां संगणक उघडतो. त्यावर पत्नीचें म्हणणें ठरलेलें: "अहो, हलवायानें दुकान बंद करून घरीं यावें आणि पुन्हां कढई चढवावी, तशांतली तुमची गत!"

टोमणा चांगला आहे, पण पुरता न्याय्य नाहीं. कचेरींतल्या यंत्रानें काय करावयाचें तें दुसरा ठरवितो. घरीं हा गृहस्थ ज्या प्रणालीशीं खेळतो ती लिनक्स. फिनलंडांत हेलसिंकी येथें शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें कीं, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली रचीत आहोंत. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा घरकारभार: कोणत्या कामाची पाळी केव्हां, कोणता कागद कोणत्या फडताळांत, कोणती कळ दाबली गेली, हें सारें तीच पाहते. पुढच्या वर्षीं त्यानें ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीच्या परवान्याखालीं लोकांस दिली. त्या परवान्याची रीत मोठी नामी आहे. वस्तु कोणींही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. मात्र बदललेली वस्तु देतांना हेंच स्वातंत्र्य घेणाऱ्याच्या पदरांत घातलें पाहिजे. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटांत लिनक्सचा गाभा आहे, आणि जगांतील पांचशें अतिवेगवान संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते तींतील सर्वच्या सर्व यंत्रें २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आलीं आहेत.

एकदां जेवतांना त्यानें हें सारें आजीला सांगितलें. आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "म्हंजे ओवीवानीच की रं. ओवी कुनाची नसती. ऐकायची, आपलं घालायचं, पुढं द्यायची."

या एका वाक्यानें घरांत एक नवा उद्योग सुरू झाला. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. कोणीं विचारलें नव्हतें, एवढेंच. मावळ-मुळशीच्या बायकांच्या ओव्यांचें मोल जाणणारीं माणसें पूर्वीं होऊन गेलीं आहेत. पुण्याचीं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानें पुढें त्यांच्या सोबतीला येऊन ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या संगणकांत लावून ठेवण्याची व्यवस्था रचली. २०१७ सालापासून पारी या लेखागारांतून त्या जगाला ऐकावयास मिळूं लागल्या. गृहस्थानें त्यांतल्या कांहीं आईला ऐकविल्या. तिनें दोन ऐकून मान डोलावली, तिसरीला म्हणाली, "हिचं शेवट आमच्याकडं येगळं हाय."

मुलीला टंकलेखनासाठीं यंत्र हवें होतें. घरांत दहा वर्षांचा एक लॅपटॉप धूळ खात पडला होता. २०२१ सालीं निघालेली विंडोजची अकरावी आवृत्ति असल्या म्हाताऱ्या यंत्रांस दारांतच उभें करीत नाहीं. गृहस्थानें त्यावर लिनक्सची एक हलकी आवृत्ति चढविली आणि यंत्र तरतरीत झालें. बाहेर आषाढ कोसळत होता. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजगृहांत उतरून मुंबईला वीज पुरवीत आलें आहे. औंढ्यांत मात्र वारा सुटला कीं दिवे जातात! तरी बॅटरीवर तासभर काम होई. आजी आंबेमोहोराचे तांदूळ निवडीत सांगे, नात टंकित करी.

तिसऱ्या दिवशीं अडलें. लग्नाच्या ओवींत 'वऱ्हाड' हा शब्द आला. मुलीनें तो उमटविला आणि आजीनें चष्मा सांवरून पडद्यावर पाहिलें. "ह्ये वऱ्हाड न्हाई," ती म्हणाली, "ह्यो र तर ह च्या डोक्यावर चढून बसलाय." आजीचें खरें होतें. र ला पुढचें अक्षर जोडलें कीं संगणक त्याचा रफार करतो. हिंदीचें तेवढ्यानें भागतें. मराठीचें आणि नेपाळीचें भागत नाहीं. आचार्यांना द्यावयाची दक्षिणा आणि आचाऱ्यांना द्यावयाची दक्षिणा यांत जो भेद आहे, तो या आडव्या अर्ध्या र वर उभा आहे. जगांतील लिप्यांस संगणकांत एकेक क्रमांक देणारी युनिकोड नांवाची व्यवस्था लिनक्सच्याच वर्षीं, १९९१ सालीं, प्रथम प्रसिद्ध झाली. तींत नुक्ता दिलेल्या ऱ ला स्वतंत्र घर आहे. तें मुळांत द्राविडी भाषांतील एका उच्चारासाठीं. पण त्याच ऱ चा पाय मोडून पुढें य किंवा ह जोडला, कीं मराठीचा आडवा र मिळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो साध्या र च्याच कळीवर, शिफ्ट दाबल्यावर येतो. मुलीला कळ सांपडली, पण त्या यंत्रांतला फॉन्ट अडाणी निघाला. त्याला ही जोडणी ठाऊक नव्हती.

गृहस्थानें लोहित नांवाचा फॉन्ट आणून बसविला, आणि वऱ्हाड सरळ चालूं लागलें. हा फॉन्ट मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा. रेड हॅट कंपनीनें तो घेऊन २००४ सालीं सर्वांस खुला केला. पुढें अनेकांनीं त्यांत दुरुस्त्या केल्या. ज्यांनीं हा अर्धा र तासून नीट बसविला, त्यांचीं नांवें या घरांत कोणास ठाऊक नाहींत. ओवीचेंही तेंच. मुलगी त्या दिवशीं घरभर तऱ्हा, दऱ्या, बिऱ्हाड, न्याऱ्या असे शब्द वेंचीत हिंडली.

आतां संकटाची गोष्ट. एका रविवारीं गृहस्थाला लिनक्सची आणखी नवी आवृत्ति बसविण्याची लहर आली. जुनी चालत नव्हती असें नव्हे. ती उत्तम चालत होती, आणि हेंच या छंदिष्ट मंडळींचें दुःख असतें. नवी आवृत्ति आधीं पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. त्यासाठीं 'डीडी' ही जुनी आज्ञा आहे. कोठून घ्यावें आणि कोठें लिहावें, एवढेंच ती विचारते, 'नक्की ना?' असें विचारण्याची तिला संवय नाहीं. लिनक्स प्रत्येक चकतीस एकेक इंग्रजी अक्षर देतो. पेनड्राइव्ह 'सी' होता, गृहस्थानें 'बी' लिहिलें. 'बी' म्हणजे पंधरा वर्षांचीं छायाचित्रें सांठविलेली बाहेरची डिस्क. आजीच्या बासष्ट ओव्याही तींतच होत्या. त्या सुरक्षित राहाव्या म्हणून त्यानेंच आदल्या आठवड्यांत तेथें हलविल्या होत्या, आणि दुसरी प्रत ठेवली नव्हती. ज्याचा दिवसभराचा धंदाच हा, त्यानें असें करावें, याला क्षमा नाहीं.

पत्नी कांहीं बोलली नाहीं. तिनें चहा ठेवला. त्या न बोलण्याचें त्याला अधिक भय वाटलें.

दोन रात्री तो जागला. नवी आवृत्ति डिस्कच्या आरंभींच्या भागावरच लिहिली गेली होती. पुढचा भाग जागच्या जागीं होता, फक्त कोठें काय आहे याची सूची पुसली होती. फोटोरेक नांवाचें एक मुक्त साधन अशा वेळीं उपयोगीं पडतें. सूचीकडे न पाहतां तें प्रत्येक तुकड्याचें कपाळ वाचतें; छायाचित्राच्या फाइलीच्या आरंभीं ठराविक खूण असते, तीवरून तें चित्र ओळखून बाहेर काढतें. बहुतेक चित्रें परत आलीं. मजकुराच्या साध्या फाइलीला मात्र असें कपाळ नसतें. त्यानें साऱ्या डिस्कवर 'वऱ्हाड' हा शब्द शोधून पाहिला. नव्हता. ओव्या नेमक्या पुसलेल्या भागांत गेल्या होत्या.

आजीला कोणीं सांगावें? शेवटीं नातीनें सांगितलें. आजी थोडी थांबून म्हणाली, "मंग पुन्यांदा सांगते." पण तांदूळ निवडतां निवडतां महिनाभरांत जें आलें होतें, तें मागितल्याबरोबर येईना.

परत आलेल्या चित्रांचीं नांवें नाहींशीं झालीं होतीं. प्रत्येकाच्या जागीं एक इंग्रजी अक्षर आणि लांबलचक आंकडा. फोनवर काढलेल्या चित्रांच्या पोटांत तारीख असते, त्यांची सोय लागली. जुन्या आल्बमांवरून उतरविलेल्या चित्रांना मात्र नांव देण्यास माणूसच पाहिजे. मग रोज रात्रीं जेवणानंतर चौघें त्या म्हाताऱ्या लॅपटॉपभोवतीं बसूं लागलीं. चित्र उघडे आणि भांडण जुंपे. "हा शेला सोमाटण्याच्या लग्नांतला." "नव्हे हो आई, तो बारशांतला." गृहस्थाला फेट्यांतला स्वतःचाच मामा ओळखतां आला नाहीं, त्यावर दोन दिवस हंशा चालला. मुलगी नांवें टंकित करी आणि आडवा र आला कीं विजयानें ओरडे. अशांत एका लग्नाचें चित्र आलें, आणि आजी कोणीं न सांगतां गाऊं लागली. ती ओवी पहिल्या बासष्टांत नव्हती.

चित्रें संपलीं तेव्हां ओव्या अठ्ठावन्न झाल्या होत्या. त्यांत अकरा अगदीं नव्या. म्हणजे पहिल्या बासष्टांपैकीं पंधरा आल्याच नाहींत. त्या पंधरांतली एक आजीनें तिच्या आईवर एकदांच म्हटली होती. तिची पहिली ओळ आजीला आठवते, दुसरी येत नाहीं. मुलीनें पहिली ओळ लिहून खालीं जागा मोकळी ठेवली आहे. "आठव ना गं आजी," ती म्हणते. आजी म्हणते, "आठवायची नसती ती. यायची असती."

आतां रोज रात्रीं अकरा वाजतां यंत्र आपण होऊन ओव्यांच्या दोन प्रती करतें. एक नव्या डिस्कवर, एक पत्नीच्या शाळेच्या लॅपटॉपवर. गृहस्थाचा छंद सुटलेला नाहीं. तो सुटावयाचाही नाहीं. मात्र घरांत एक नियम झाला आहे: पुसणारी आज्ञा देण्यापूर्वीं तींतलें अक्षर दुसऱ्यानें वाचलें पाहिजे. परवां पुन्हां नवी आवृत्ति निघाली. त्यानें आज्ञा लिहिली आणि हात मांडीवर घेऊन बसला. मुलगी बाहेरची डिस्क काढून घेऊन दूर जाऊन उभी राहिली. पत्नीनें हात पुसले, चष्मा लावला, ओळ दोनदां वाचली आणि म्हणाली, "हं. करा."