प्रयोगाआधी चार प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. आधी शाळेचं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. घरभर पुठ्ठे आणि थर्माकोल, आणि रात्री दहा वाजता, "आई, उद्या हे न्यायचंय!" तुमच्याकडेही हेच चालत असेल.

माझा मुलगा सातवीत होता तेव्हाची गोष्ट सांगते. मोबाईलवर बघून त्यानं ठरवलं, बाटलीतल्या वायूनं फुगा फुगवायचा. माझ्याकडे संडास साफ करायचं ॲसिड मागितलं, आणि पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. मी दोन्ही काढून दिलं. पोरगं अभ्यासाचं काही करतंय, याचंच मला कौतुक! परसात त्यानं दोन्ही बाटलीत घातलं. फुगा सापडेना, म्हणून घट्ट झाकण लावून तो शोधायला गेला. परत येऊन बाटलीला हात लावला, आणि ती फुटली.

तसंच त्याला ओढत नेलं आणि नळाखाली धरलं. वीस मिनिटं डोळे धूत राहिले, मग दवाखाना गाठला. डोळा वाचला. भुवईवरचा डाग मात्र अजून आहे.

नंतर समजलं. ॲसिड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू तयार होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसेल, तर बाटली फुटते. आणि फुगा फुगला असता तरी धोका होताच, कारण दिव्याजवळ हायड्रोजन भडकतो. म्हणजे हा प्रयोग घरी करण्यातलाच नव्हता.

मी दहावीपर्यंत शिकले. विज्ञान मला फारसं येत नाही, पण प्रश्न विचारता येतात. तेव्हापासून प्रयोगाआधी मी चार प्रश्न विचारते.

पहिला, कशात काय मिसळणार? बाटलीवरचं लेबल आधी वाचायचं. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हे आपल्या साफसफाईलाही लागू आहे बरं का!

दुसरा, वीज कुठून घेणार? भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. त्याला उघडी वायर जोडायची नाही. छोटा दिवा, छोटी मोटर दीड व्होल्टच्या एक-दोन सेलवर छान चालते.

तिसरा, आग आहे का? पेटत्या स्पिरिटच्या दिव्यात वरून स्पिरिट ओतायचं नाही. वेणी घट्ट बांधायची, ओढणी काढून ठेवायची, नायलॉनचे कपडे नकोत. जवळ वाळूची बादली हवी.

चौथा, शेजारी कोण असणार? बाईंना किंवा सरांना हा प्रयोग माहीत आहे का? प्रदर्शनात लहान मुलं येतात, सगळ्याला हात लावतात. तेव्हा टेबलाजवळ कोण थांबणार?

यातल्या एकाचंही उत्तर "बघू नंतर" असं आलं, तर प्रयोग तिथंच थांबवायचा.

आणि एवढं करून काही झालंच, तर हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. भाजलं असो की ॲसिड उडालं असो, वीस मिनिटं वाहतं गार पाणी, आणि मग डॉक्टर. ॲसिडची बाटली सोबत न्या, म्हणजे काय उडालं ते त्यांना कळेल.

पुढच्या वर्षी मुलानं पुन्हा फुगाच फुगवला, पण खायचा सोडा आणि लिंबाच्या रसानं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही. बाटलीला झाकण मात्र त्यातही लावायचं नाही. एका लिंबाला फुगा केवढा, दोन लिंबांना केवढा, हे त्यानं दोऱ्यानं मोजून वहीत लिहिलं. नंबर आला नाही. पण परीक्षक त्याची वही बराच वेळ वाचत उभे होते.

मैत्रिणींनो, आज रात्री पोरानं काही मागितलं, तर जरूर द्या. फक्त देण्याआधी विचारा, "कशाला हवंय?"