बुधवार पेठेत जाण्याआधी



सणासुदीचे ब्लाउज, शाळेचे गणवेश शिवायला घेतलेले असतात आणि नेमकी तेव्हाच मशीनची मोटर बंद पडते. मग सगळं काम टाकून पुणं गाठायचं. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली म्हणजे विजेच्या सामानाचा मोठा बाजार. तिथे सामान मिळेल, पण बिघाड कशात आहे हे ठाऊक नसेल तर दहा रुपयांच्या कामासाठी नवी मोटर गळ्यात पडते आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून आज आपण घरच्या घरी बिघाड कसा शोधायचा ते बघू.

पहिला नियम म्हणजे मशीनला हात लावण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी.

मोटर अजिबात फिरत नसेल तर आधी त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. तोही चालला नाही, तर दोष घरच्या वायरिंगचा. मोटर हळू फिरते आणि पंखाही मंद आहे, तर व्होल्टेज कमी आहे. मोटरला बोल लावू नका.

आता प्लग काढून मशीनचं चाक हाताने फिरवा. जड जातंय? मग शटलमध्ये दोरा अडकला असेल किंवा तेल संपलं असेल. अशा वेळी पेडल दाबत राहिलात तर मोटर जळते. चाक हलकं आहे, मोटरचा आवाजही येतो, पण सुई हलत नाही, तर पट्टा सैल झाला असेल किंवा बॉबिन भरताना सैल केलेला चाकाचा स्क्रू तसाच राहिला असेल.

यानंतर वायर बघा. वायर तुटते ती बहुधा प्लगपाशी किंवा पेडलपाशी, जिथे ती रोज वाकते. मशीनचा दिवा लागतो पण मोटर गप्प, तर संशय पेडलवर किंवा मोटरच्या कार्बनवर घ्या. पाय उचलला तरी मशीन पळतंय, किंवा प्लग लावताच आपोआप सुरू होतंय, तर दोष पेडलचा. प्लग लगेच काढा आणि पेडल बदलेपर्यंत त्या मशीनवर बसू नका.

घरगुती मशीनच्या बहुतेक मोटरींना दोन्ही बाजूंना एकेक टोपी असते. तिच्या आत स्प्रिंग लावलेला छोटा काळा कार्बन असतो. तो झिजला की मोटर अडखळते, ठिणग्या वाढतात, जळका वास येतो. कार्बन नेहमी जोडीने बदलावा. मशीनला तेल घालताना ते मोटरमध्ये जाऊ देऊ नका. कार्बनवर तेल आलं की मोटर बिघडते.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काम तिथेच थांबवा. 'एवढं चालतंच' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. ओल्या किंवा सारवलेल्या जमिनीवर तोच करंट जीव घेऊ शकतो. वायरमनकडून मशीन आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी नावाचा स्विच बोर्डात बसवून घेतला तर उत्तमच. मोटरच्या आतली गुंडाळी किंवा पेडलच्या आतला भाग मात्र आपण उघडायचा नाही. ते काम मेकॅनिकचं.

एवढं करूनही पुण्याला जावंच लागलं तर जुना कार्बन, जुना पट्टा किंवा पेडल सोबत न्या. मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. त्यावर व्होल्ट आणि वॉट लिहिलेले असतात. मोटर कोणत्या दिशेने फिरते तेही लिहून न्या, कारण उलट्या दिशेची मोटर आणली तर पुन्हा फेरी पडते. दुकानात 'मशीन चालत नाही' एवढंच न सांगता काय काय तपासलं ते सांगा. म्हणजे नको ते सामान कुणी माथी मारणार नाही.

गटात चार-पाच मशीन एकाच बनावटीची असतील तर कार्बनची एक जोडी आणि एक पट्टा गटाच्या पेटीत ठेवा. ऐन हंगामात कुणाचंच काम अडणार नाही.